बंबवाल्यांना शिव्या घालण्याआधी

मा. संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लॉस एंजेलिसच्या आगीवरचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. लेखकांचं म्हणणं असं की बाजूला एवढा पॅसिफिक महासागर, हाताशी विमानं, हेलिकॉप्टरं, आणि तरी अमेरिकेला आग विझवता आली नाही म्हणजे तिथली यंत्रणा झोपली होती, आणि मग लगेच पुढे गोवा सरकारनेही आगीसाठी स्वतःचं हेलिकॉप्टर घ्यावं ही मागणी. त्यांचं बाकीचं लिखाण मी आवडीने वाचतो, पण हे चुकीचं आहे, आणि असं वाचून लोकांचा जो समज होतो त्याचा त्रास कोणाला होतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

७ जानेवारी २०२५ ला तिथे आग लागली तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १३० किलोमीटरच्या वर होते. त्या रात्री विमानं आणि हेलिकॉप्टरं खालीच ठेवावी लागली. उडवली असती तरी त्या वाऱ्यात वरून सोडलेल्या पाण्याचे तुषार होऊन भलतीकडेच जातात, आगीवर पडतच नाहीत. समुद्राचं पाणी वापरलं नाही हेही खरं नाही. वारा कमी झाल्यावर कॅनडातल्या क्यूबेकहून आलेल्या विमानांनी समुद्रातूनच पाणी उचललं, आणि त्यातल्या एका विमानाला कोणीतरी आगीवर उडवलेला ड्रोन धडकून पंखाला भोक पडलं, ते विमान मग दुरुस्तीला गेलं.

आग विझवायच्या काही नळांना पाणी नव्हतं हे मात्र खरं, पण का नव्हतं ते लेखात नाही. लॉस एंजेलिसच्या जळालेल्या पॅलिसेड्स भागाला पाणी देणाऱ्या तीन टाक्या होत्या, प्रत्येक साधारण ३८ लाख लिटरची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तिन्ही रिकाम्या झाल्या, कारण सलग १५ तास नेहमीच्या चौपट पाणी ओढलं जात होतं. शहरातली पाण्याची लाईन दोन-चार घरांच्या आगीचा हिशेब धरून टाकलेली असते, हजारो घरं एकदम पेटली की ती कुठेच पुरत नाही. त्यात जळून पडलेल्या प्रत्येक घराची पाईप फुटून पाणी वाहत राहतं आणि प्रेशर आणखी पडतं. तिथला मोठा जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता, त्याबद्दल जाब विचारायलाच हवा, पण तो भरलेला असता तर आग विझली असती असं म्हणणं वेगळं.

आता आमच्याकडचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वरच्या सड्यावर करड, म्हणजे सुकं गवत, पेटलं. दरवर्षी पेटतं, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दुपारनंतर वारा सुटला आणि आग रस्त्याच्या पलीकडे असतानाच ठिणग्या उडून अलीकडच्या एका घरामागे पडल्या, तिथे नारळाच्या सोडणांचा ढीग आणि वर झावळ्यांची खोप. ज्वाळा त्या घरापर्यंत आल्याच नाहीत, नुसत्या ठिणग्यांनी काम केलं. लोकांना वाटतं वणवा म्हणजे भिंतीसारखी आग चालत येते, तसं नसतं हो, वाऱ्यावर ठिणग्या कितीतरी पुढे जातात आणि जिथे सुकं मिळेल तिथे बसतात. लॉस एंजेलिसला घरं राख आणि बाजूची झाडं हिरवी असे फोटो फिरवून लोकांनी काय काय तर्क काढले, कोणी लेझर मारून घरं पेटवली इथपर्यंत गेले. हिरव्या झाडात पाणी असतं, घराच्या पन्हळीतल्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाचोळ्यात, नसतं, आणि एक घर पेटलं की त्याच्या धगीने बाजूचं पेटतं, एवढंच ते आहे.

बंब आला पण वाड्यावर पोचायला वेळ लागला, कारण अरुंद रस्त्यावर स्कूटर आणि गाड्या लावून लोक व्हिडिओ काढत उभे. पॅलिसेड्सलाही लोक गाड्या सोडून पळाले आणि शेवटी बुलडोझरने त्या बाजूला लोटाव्या लागल्या, पण ते बिचारे जीव घेऊन पळत होते, आमचे बघायला आले होते. बंबवाल्यांनी एक नजर टाकली आणि पेटलेली खोप सोडून शेजारच्या काकीच्या घराच्या भिंतीवर आणि वाशांवर पाणी मारायला लागले. झालं! जळतंय ते सोडून सुक्या भिंती काय भिजवताय म्हणून लोक अंगावर गेले. अहो, बंबात साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी, पाईप जोरात सोडला तर दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. खोप गेलेलीच होती, प्रश्न पुढच्या घरांचा होता. त्यात पाणी संपलं आणि दुसरा बंब यायचा होता तेवढ्यात एका माणसाने त्यातल्या पोरसवदा मुलाची कॉलर धरली, रिकामा बंब घेऊन फिरायला आलास काय म्हणाला, आणि आईवरून शिवी दिली. तो मुलगा काही बोलला नाही, तोंड पुसलं आणि परत पाईप उचलला. मला ते अजून सहन होत नाही. त्या दिवशी पुढची सगळी घरं वाचली, काकीचंही वाचलं, आणि त्यात तिचाही हात होता, कारण तिचं अंगण सारवलेलं, पातेरा रोज काढलेला, लाकडं घरापासून लांब रचलेली. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना चहा विचारायलासुद्धा कोणी गेलं नाही, व्हिडिओ मात्र "बंबात पाणी नाही" म्हणून सगळ्या ग्रुपवर.

हेलिकॉप्टरला माझा विरोध नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, त्यांनी मोठं काम केलं, पण तेव्हाही वन खात्याचे लोक आणि गावकरी डोंगर चढून गेले होते, फांद्यांनी झोडपून आग विझवत होते, नुसतं वरून पाणी टाकून वणवा मरत नाही. आणि वाऱ्यावरची आग वस्तीत शिरली तर हेलिकॉप्टर बहुतेक उडणारच नाही. मग त्याच्या भरवशावर राहून गवत कापायचं सोडायचं काय?

गवतावरून आठवलं, आमच्या वाड्याला लागून दोन प्लॉट आहेत, मालक बाहेरगावचे, कुंपण घातलं, गेट लावलं आणि गेले, आत करड माणसाच्या कमरेएवढं. पंचायतीत तोंडी सांगून झालं, लेखी देऊन झालं, उत्तर येतं की खाजगी जागा आहे. खाजगी जागेतली ठिणगी खाजगी राहते का? याच विषयावर मी पूर्वी तुम्हाला पत्र पाठवलं होतं, ते छापलं, पण नेमका हा भाग कापून. यावेळी कापू नका ही विनंती.

आणि एक. लेखक दिल्ली-अमेरिकेचं सांगतात, तुमचा वार्ताहर जवळच्या अग्निशामक केंद्रात एकदा पाठवा, मार्च-एप्रिलात त्या मुलांची ड्युटी कशी असते, किती कॉल येतात, लोक काय बोलतात ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहा, आणि पुरवणीत नको, पहिल्या पानावर छापा.

आपला नियमित वाचक,
डिचोली