कोशिएनच्या उजव्या स्टँडमधून

ओसाका, जुलै

प्रिय नंद्या,

तुझा मेसेज वाचला. ‘डॉक्टरांनी ढोल बांधायला मनाई केलीय, या वर्षीपासून पथक बंद.’ दोन ओळी, आणि त्यावर माझ्याकडून नुसता एक अंगठा गेला. दुसरं काही सुचलंच नाही रे. फोन करणार होतो, पण फोनवर तू विषय बदलतोस हे मला माहीत आहे. म्हणून निवांत बसून लिहितोय. परवा शुक्रवारी रात्री मी बेसबॉलची मॅच बघायला गेलो होतो, तिथलं सगळं तुला सांगायचंय. मध्येच ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

इथे बेसबॉलला याक्यू म्हणतात आणि ओसाकाच्या माणसाला याक्यू म्हणजे एकच, हानशिन टायगर्स. माझ्या विभागातले एक वडीलधारे सहकारी सकाळी आले की त्यांच्या चेहऱ्यावरून मला आदल्या रात्रीचा निकाल कळतो. तीन वर्षं मी टीव्हीवर बघत होतो. हळूहळू खेळाडूंची नावं पाठ झाली, हरल्यावर जेवण जाईना, तेव्हा लक्षात आलं की आपण यांचेच झालो. मग या वेळी टोकियोच्या जायंट्सविरुद्धचं तिकीट काढलं. आपल्याकडे मुंबई-पुणे जेवढं बोललं जातं ना, त्याच्या दसपट इथे टोकियो-ओसाका आहे, आणि ते सगळं या एका सामन्यात उतरतं.

ओसाकातल्या उमेदाहून हानशिन रेल्वेने पंधरा-एक मिनिटांत कोशिएन येतं, टायगर्सचं घरचं मैदान. डबा पिवळ्या-काळ्या जर्सींनी भरलेला. एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, पाठीवर आवडत्या खेळाडूचा नंबर. पावसाचे दिवस आहेत, दुपारी सर येऊन गेली होती, त्यामुळे मॅच होणार की नाही ही धाकधूक सगळ्यांनाच होती. स्टेशनबाहेर आलो आणि वेलींनी मढलेली ती जुनी भिंत दिसली.

हे मैदान १९२४चं. त्याच्या नावाची गंमत ऐक, तुला आवडेल. आपल्या प्रभव, विभव या साठ संवत्सरांसारखं यांच्याकडेही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यातलं पहिलंच वर्ष १९२४ला आलं. त्या वर्षाचं नाव कोशि, म्हणून मैदान कोशिएन. आपल्या घरी आजोबांच्या षष्ट्यब्दीला जे गणित मांडतात तेच इथे मैदानाच्या पाटीवर बघून मला एकदम घरचं वाटलं.

आत शिरल्यावर पहिली दिसते ती माती. बाकीच्या बऱ्याच मैदानांवर आतल्या चौकोनात गवत असतं, इथे सगळी काळी माती. वाळू मिसळलेली, पाणी मारलेली, अगदी तालमीच्या हौद्यासारखी ओली आणि मऊ. ऑगस्टमध्ये टायगर्स हे मैदान सोडून बाहेरगावी खेळायला जातात, कारण तेव्हा इथे शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा असते. हरलेली मुलं रडत रडत ही माती पिशवीत भरून घरी नेतात. १९५८ साली ओकिनावाची एक शाळा इथे खेळून हरली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, बाहेरची माती आणायला बंदी. मुलं परत पोहोचली तेव्हा त्यांची माती काढून घेऊन समुद्रात टाकून दिली. मला हे सांगताना ते सहकारी दोनदा थांबले. त्यांच्या जन्माआधीची गोष्ट, पण काल घडल्यासारखी सांगत होते.

माझी जागा उजव्या बाजूला, बाहेरच्या स्टँडमध्ये. छप्पर नाही, खेळ लांबवर, पण टायगर्सचे खरे वाजवणारे लोक तिथेच बसतात. मी मुद्दाम तिथलंच तिकीट घेतलं होतं. त्यांच्या या पथकाला ओएन्दान म्हणतात. ट्रम्पेट, मोठे ड्रम, आणि दोन माणसांनी फिरवावा एवढा झेंडा एक माणूस फिरवतो. कुणाला पगार नाही, सगळे हौशी. दिवसभर कुठेतरी नोकरी करून संध्याकाळी येतात, आपल्यासारखेच.

आणि नंद्या, पहिला ड्रम पडला ना, माझ्या पोटात हललं. तीन वर्षांत तो आवाज छातीवर घेतला नव्हता. पुण्यात म्हात्रे पुलाखाली सरावाच्या पहिल्या दिवशी पन्नास ढोल एकदम वाजतात आणि नव्या पोरांचे डोळे मोठे होतात, तसं झालं माझं. शेजारच्या बाईंनी विचारलं, ठीक आहात ना? मी नुसती मान हलवली.

यांची पद्धत सांगतो. आपला संघ फलंदाजीला असेल तेव्हाच वाजवायचं. समोरचा संघ खेळायला आला की आपण हात खाली, आता डाव्या स्टँडमधले जायंट्सचे मूठभर लोक वाजवणार. ४७,००० माणसं मावणारं मैदान, त्यातले बहुतेक आपले, तरी त्या मूठभरांच्या पाळीत कुणी ड्रमला हात लावत नाही. कोकणात शक्तीवाले-तुरेवाले बाऱ्या लावतात तसं. एकाचं झालं की दुसऱ्याचं. प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं असतं, तो मैदानात उतरला की ते सुरू. धावणारा गडी दुसऱ्या बेसवर पोहोचला, म्हणजे रन निघण्याची शक्यता आली, की चाल बदलते. ती बदलायची खूण एक जण हात वर करून देतो आणि अख्खा स्टँड त्याच ठोक्यावर उचलतो. तुझ्या ताशेवाल्याने तर्री देऊन हात बदलावा आणि शेवटच्या रांगेपर्यंत एकाही ढोलाने चुकू नये, तितकं पक्कं.

पण मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते पुढे आहे.

माझ्यापासून चार पायऱ्या खाली ड्रमवर एक म्हातारे गृहस्थ होते. सत्तरीचे असतील. गळ्यात टॉवेल, दोन्ही बोटांना पांढरी चिकटपट्टी, आपण लावायचो तशीच, तर्जनी आणि अंगठ्याच्या मध्ये. ते आमच्याकडे तोंड करून वाजवत होते. म्हणजे मैदानाकडे पाठ. ड्रमवालेच नाहीत, खूण देणारा, शिट्टी वाजवणारा, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. चार-चार तास येऊन ज्या खेळासाठी घसा फोडायचा, तो खेळच त्यांना दिसत नाही.

पाचव्या डावात आम्ही १-० ने मागे होतो. तिसऱ्या बेसवर गडी होता आणि एक जमिनीलगतचा फटका दोघांच्या मधून निघून गेला. स्टँड उभा राहिला. त्या क्षणी मी मैदानाकडे न बघता त्या म्हाताऱ्यांकडे बघत होतो, चुकूनच. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. आमचे चेहरे बघितले, आणि त्यांचा चेहरा उजळला. १-१. काठी हवेतच होती ती त्यांनी रन झाल्याच्या चालीवर आणली. एक ठोका वाया गेला नाही.

मला लक्ष्मी रोड आठवला. बेलबाग चौकातून वळताना आपल्या मागे रथावर बाप्पा, आणि आपण दहा वर्षांत त्या वळणावर बाप्पा किती वेळा पाहिला? समोर बघायचं ते ताशाकडे आणि लोकांकडे. लोकांचे हात जोडले गेले की आपल्याला कळायचं, रथ वळला. एकदा तू मला म्हणाला होतास, ‘लोकांच्या डोळ्यांत दिसतो की.’ तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. परवा त्या म्हाताऱ्यांकडे बघताना तुझं ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं.

पाचव्या डावानंतर थोडी विश्रांती असते. मैदान सांभाळणारे लोक येऊन माती ओढतात, नळीने पाणी मारतात. एवढ्या वेळात त्या गृहस्थांनी चहाची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि ड्रमच्या पानावरून तळहात फिरवला. दमट हवेत पान उतरतं ना, तेच बघत होते. मी वरून बघत होतो आणि माझेही हात नकळत मांडीवर फिरत होते.

नंतरचा खेळ पटकन सांगतो, कारण बराच वेळ काहीच घडलं नाही. दोन्ही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चांगले होते. नववा डाव संपला, १-१. दहावा, १-१. अकराव्यात त्यांचे दोन गडी बेसवर होते आणि आम्ही कसेबसे सुटलो. इथे बारा डावांनंतरही तिढा सुटला नाही तर सामना बरोबरीत सोडतात. घरच्या संघाने शेवटच्या डावात रन काढून मॅच जिंकली तर त्याला म्हणतात सायोनारा. म्हणजे पाहुण्यांना थेट घरचा रस्ता. आम्ही सगळे त्या सायोनाराची वाट बघत बसलो होतो.

आणि दहा वाजले. कोशिएनला रात्री दहानंतर ड्रम आणि ट्रम्पेट बंद. आजूबाजूला वस्ती आहे. नियम म्हणजे नियम, मॅच कितीही रंगलेली असो. विसर्जनाच्या मिरवणुकीत पोलीस हात वर करतो तो क्षण तुला सांगायला नको. इथे मात्र कुणाला सांगावंही लागलं नाही. म्हाताऱ्यांनी शेवटचा ठोका दिला, काठ्या पुसल्या, ड्रमवर कापड टाकलं. आता नुसत्या टाळ्या आणि गळे. हजारो माणसं तीच गाणी वाद्यांशिवाय म्हणत होती आणि खरं सांगू, अंगावर काटा आला तो तेव्हाच.

बाराव्या डावाच्या उत्तरार्धात, दोन गडी बाद असताना, ते म्हातारे पहिल्यांदा वळले. ड्रमशेजारी पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर, आणि मैदानाकडे बघू लागले. लहान मुलासारखे. पुढच्याच चेंडूवर आमच्या डावखुऱ्याने उचलला. उंच, थेट आमच्याकडे. मला चेंडूची शिवण दिसतेय असं वाटलं. सगळे उभे, कुणीतरी माझा खांदा धरलाय, सायोनारा, सायोनारा! आणि चेंडू वर जाऊन थबकला. कोशिएनला समुद्राकडून वारा येतो, उजवीकडून डावीकडे. त्याला हामाकाझे म्हणतात, किनाऱ्यावरचा वारा. डावखुऱ्यांचे कितीतरी होमरन, म्हणजे थेट भिंतीपलीकडे जाणारे फटके, त्याने खाल्ले आहेत. रँडी बास नावाचा अमेरिकन इथे खेळायचा, १९८५ साली त्याने ५४ होमरन मारले. तोही डावखुरा, पण त्याने याच वाऱ्याशी जमवून घेतलं, चेंडू डावीकडे मारायला शिकला. परवाच्या पोराला ते अजून जमायचं होतं. चेंडू भिंतीच्या आत, फिल्डरच्या हातमोज्यात पडला. तिसरा गडी बाद, डाव संपला, बरोबरी.

स्टँड हळूहळू रिकामा झाला. लोक आपापला कचरा पिशवीत भरून नेत होते. मी तिथेच रेंगाळलो, आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत त्या गृहस्थांना सांगितलं, मी भारतात असंच वाजवायचो, देवाच्या मिरवणुकीत. त्यांनी माझे हात हातात घेऊन तर्जनी तपासली. घट्टा अजून आहे माझा, थोडासा. तो त्यांना सापडला आणि ते मोठ्यांदा हसले. मग बोलत बसले. आधी ते झेंडा फिरवायचे, तो अगडबंब झेंडा, वीसेक वर्षं. मग खांदा गेला. डॉक्टरांनी मनाई केली. एक हंगाम घरी बसले, टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघायचे म्हणाले, कारण मागून ओएन्दान ऐकू आली की सहन व्हायचं नाही. पुढच्या हंगामात पथकातली पोरं घरी आली आणि म्हणाली, काका, झेंडा नको, ड्रमवर या, तुमच्याएवढी गाणी कुणालाच येत नाहीत.

मी १९८५चं विचारलं. त्या एप्रिलमध्ये याच मैदानावर, याच जायंट्सविरुद्ध, बास, काकेफु आणि ओकादा यांनी एकाच डावात लागोपाठ तीन होमरन मारले होते. इथली शेंबडी पोरंही ते सांगतात. मग टायगर्सनी ते वर्ष जिंकलं, लोकांनी ओसाकातल्या दोतोनबोरीच्या कालव्यात उड्या मारल्या, बाससारखा दिसतो म्हणून चिकनच्या दुकानापुढचा कर्नल सँडर्सचा पुतळाही पाण्यात टाकला. तो २००९ साली गाळातून वर आला. पुढचं जपान सीरिजचं, म्हणजे देशाचं, विजेतेपद मिळायला २०२३ उजाडलं, म्हणजे ३८ वर्षं. तर मी विचारलं, ते तीन होमरन तुम्ही पाहिले? म्हणाले, नाही, झेंडा होता हातात. ऐकले.

बस एवढंच. पुढे त्यांनी ड्रम पाठीला लावला, एका पोराने झेंड्याची काठी घेतली, आणि सगळे स्टेशनकडे गेले.

नंद्या, तुझ्या मणक्याला काय झालंय ते मला ठाऊक आहे, डॉक्टरांचं ऐकच. ढोल कमरेला बांधायचा नाही म्हणजे नाही. पण ठेका धरणारा टोल कोण वाजवतं सध्या? गेल्या वर्षी तूच तक्रार करत होतास की टोलवाला पोरगा आवर्तनात पुढे पळतो आणि मागच्या रांगा फाटतात. टोलगाडीला चाकं आहेत, उचलायचं काही नाही, कमरेला दोरी नाही. आणि सगळे हात, सगळ्या चाली, तुझ्याइतक्या पथकात कुणाला येतात? तुला बोलवायला पोरं घरी येईपर्यंत थांबू नकोस, तूच जा. पथकप्रमुखाला मी आजच मेसेज टाकलाय, तुला न विचारता, त्याबद्दल रागावायचं तर रागाव.

वहिनींना नमस्कार. काकूंना सांग, त्यांचा गोडा मसाला संपला, सप्टेंबरात कुणी येणार असेल तर धाडा.

आणि रविवारी सराव सुरू झाला की मला फोन लाव, बोलू नकोस, नुसता खिशात चालू ठेव. तुमचे साडेसात म्हणजे माझे अकरा, मी जागा असतो.

तुझा,
अव्या