ताई, त्या वीस अँगस्ट्रॉमच्या हाताबद्दल आभार

प्रिय ताई,

खासगीत आभार मानले की तू विषय बदलतेस, आईची तब्येत विचारतेस. म्हणून हे पत्र चारचौघांत.

एम.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमात ‘नॉनरायबोसोमल पेप्टाइड सिंथेटेज’ (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राशिवाय, म्हणजे रायबोसोमशिवाय, अमिनो आम्लं जोडून पेप्टाइड नावाच्या छोट्या साखळ्या बनवणारी एन्झाइमं) हा घटक आला आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तो माझ्या गळ्यात पडला. पुस्तकात त्यावर जेमतेम दीड पान, रंगीत गोळ्यांची एक रांग आणि गोळ्यांवर सी, ए, टी अशी अक्षरं. ही एन्झाइमच्या भागांची, म्हणजे डोमेनांची नावं: ए आम्ल निवडून सक्रिय करतो, टी ते हातावर धरून नेतो, सी ते साखळीला जोडतो. तुला फोन केला तेव्हा तिकडे सकाळ होती, तू लॅबला निघाली होतीस. तरी थांबलीस, आणि पुढे कितीतरी रविवार माझ्यासाठी मोडलेस.

तू अक्षरांना हातच लावला नाहीस. आधी आकार सांगितलास. टोलिपोक्लॅडियम नावाची बुरशी सायक्लोस्पोरिन बनवते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचं शरीर नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात तेच हे औषध. त्यात अमिनो आम्लं फक्त ११. आणि ती ११ जोडणारं एन्झाइम? १५ हजारांहून जास्त अमिनो आम्लांची एकच सलग साखळी, वजन सोळा-सतरा लाख डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन)! वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हा तोट्याचा धंदा आहे.” त्या पोराला मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले, कारण पुढचा सगळा तास त्या वाक्यावर चालला. एवढा खर्च कशासाठी? तर रायबोसोमकडे वीसेक अमिनो आम्लांचाच साठा असतो. या एन्झाइमांना डी-रूपातली (नेहमीच्या आम्लांची आरशातली प्रतिमा), मिथाइल लावलेली, ऑर्निथिनसारखी प्रथिनांत न सापडणारी आम्लंही चालतात. इथे एमआरएनए, म्हणजे रायबोसोम वाचतो ती जनुकाची प्रत, नाही. मॉड्यूलांचा, म्हणजे एकेक आम्ल जोडणाऱ्या डोमेनसंचांचा, क्रम हाच मजकूर.

फ्रिट्झ लिपमनची गोष्टही तूच सांगितलीस. को-एन्झाइम ए हा पेशीतला मदतनीस रेणू शोधल्याबद्दल १९५३ साली नोबेल मिळालेला माणूस पुढे ग्रॅमिसिडिन एस या जिवाणूंनी बनवलेल्या अँटिबायोटिककडे वळतो आणि दाखवतो की हे पेप्टाइड रायबोसोमशिवाय बनतं, आणि वाढणारी साखळी एन्झाइमला गंधकाच्या बंधाने लटकलेली असते. ज्या हाताला ती लटकते तो फॉस्फोपँटेथिन म्हणजे को-एन्झाइम एचाच तुकडा. पेशी तो तिथून तोडून टी डोमेनच्या एका सेरिनवर बसवते. माणूस फिरून आपल्याच रेणूपाशी आला, म्हण ना.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे पत्र आहे. मी मुलांना सांगायला स्लॅबच्या दिवसाची उपमा काढली होती. माणसं रांगेत उभी, घमेलं या हातातून त्या हातात. तू ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, “हात केवढा आहे?” हात साधारण २० अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). ए डोमेनचा खळगा आणि सी डोमेनची जागा यांतलं अंतर त्याच्या कितीतरी पुढचं. म्हणजे नुसता हात लांबवून भागत नाही, गड्याला घमेल्यासकट जागा सोडून जावं लागतं.

त्या एका प्रश्नाने पुस्तकातली रांग माझ्यापुरती संपली. मग तू एकेक रचना स्क्रीनवर फिरवून दाखवलीस. १९९७ सालचा ग्रॅमिसिडिन सिंथेटेजचा ए डोमेन: फिनाइलॲलनिन खळग्यात बसलेलं, भोवतीची दहाएक अमिनो आम्लं ठरवणार की आत कोणाला घ्यायचं. एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून आम्ल सक्रिय झालं की याच डोमेनचा छोटा भाग जवळपास १४० अंशांत वळतो आणि मग टी डोमेनच्या हाताला वाट मिळते. २००८ मधली सर्फॅक्टिन या दुसऱ्या पेप्टाइडच्या सिंथेटेजच्या शेवटच्या अख्ख्या मॉड्यूलची रचना: सी आणि ए मिळून एक ओटा, आणि टी लवचीक दोरीवर मोकळा. आणि २०१९ मध्ये मॅकगिल विद्यापीठातून आलेल्या लिनिअर ग्रॅमिसिडिन सिंथेटेजच्या दोन मॉड्यूलांच्या रचना: तेच प्रथिन, स्फटिकागणिक ठेवण इतकी वेगळी की ओळखू येऊ नये. स्फटिकातल्या चित्राला मी आजवर एन्झाइमचा चेहरा समजत होतो. तू म्हणालीस, “अरे, हा एका क्षणाचा फोटो. पुढच्या क्षणी तो तसा नसतो.”

पेनिसिलिनचा धागाही तुझाच. बुरशीत त्याची पहिली पायरी तीन मॉड्यूलांचं असंच एक सिंथेटेज उरकतं; तीन आम्लांचा तुकडा, बस्स. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटरवर होते. तिने घरी जाऊन त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, “आम्ही बुरशीला हवा आणि साखर द्यायचो, आत काय चालतं ते तिला ठाऊक.”

फायली, रचना फिरवायचं मोफत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या मराठीतल्या सूचना, माझ्या रात्रीच्या मेसेजना दिलेली उत्तरं... यादी करत नाही, तुला आवडणार नाही. तुझ्या फायली आता आमच्या लॅबच्या दोन्ही चालू कॉम्प्युटरवर आहेत आणि पोरं स्वतः डोमेन फिरवून बघतात.

आणि हो, एक प्रश्न त्यांनी अडवून ठेवलाय. ग्रॅमिसिडिन एसमध्ये शेवटचा, तयार साखळी सोडवणारा थायोएस्टरेज डोमेन पाच आम्लांचा पहिला तुकडा धरून थांबतो, दुसरा आला की दोन्ही जोडून कडं करून सोडतो. एंटेरोबॅक्टिन या जिवाणूंच्या लोह पकडणाऱ्या रेणूत मात्र तिसऱ्या तुकड्यापर्यंत थांबतो. “सर, त्याला कसं कळतं, कितीवर थांबायचं?” मी खळग्याच्या आकाराबद्दल काहीतरी बोललो, पण पोरांचं समाधान झालं नाही, माझंही नाही. येत्या रविवारी वेळ असेल तर सांग. या वेळी पोरंही बसतील म्हणतायत.

तुझा जुना ज्युनिअर,
आता तालुक्याचा मास्तर