सूचना : सरकारी खरेदी कायद्यावरील सत्रांच्या तारखा

युरोपीय संघातील अधिकाऱ्यांसाठी खरेदी निर्देश २०१४/२४ वर (सरकारी खरेदीविषयीचा युरोपीय संघाचा कायदा) सत्रे आखणाऱ्या सदस्यांनी तारखा कळवण्याआधी एवढे पाहावे.

२०२७ मध्ये पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे मिळून दोन ईस्टर आहेत : जर्मनी, फ्रान्सकडे २८ मार्च, ग्रीस, रोमानिया, बल्गेरिया, सायप्रसकडे २ मे. शिवाय ३ मे हा पोलंडचा संविधान दिन. तेव्हा एप्रिलची अखेर आणि मेची सुरुवात सोडलेलीच बरी. ऑनलाइन सत्राच्या निमंत्रणात ब्रुसेल्सचे १० म्हणजे लिस्बनचे ९ आणि हेलसिंकीचे ११, हे स्पष्ट लिहा.

सरावासाठी हेच कॅलेंडर उपयोगी पडते. निविदेचा निकाल २३ एप्रिलला ई-मेलने पाठवला, तर करारापूर्वीची १० दिवसांची थांबण्याची मुदत (हरलेल्यांना निकालाला आव्हान देता यावे म्हणून) २४ तारखेपासून धरायची. दहावा दिवस ३ मे. तो जर्मनीत कामाचा दिवस, पण ग्रीसमध्ये (ईस्टरचा सोमवार) आणि पोलंडमध्ये सुट्टी. मुदती मोजण्याची युरोपीय संघाची नियमावली ११८२/७१ लावली, की शेवटचा दिवस सुट्टीचा असल्याने तिथे मुदत पुढच्या कामाच्या दिवशी, ४ मेला संपते. मात्र सरावाची उत्तरे छापण्याआधी प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा त्या-त्या देशातील वक्त्याकडून तपासून घ्या. निम्मे वाद इथेच होतात.

दुभाषे प्रत्येक भाषेच्या कक्षात दोन, अर्ध्या तासाने पाळी बदलणारे. एस्टोनियनमधून पोर्तुगीजमध्ये थेट भाषांतर क्वचितच मिळते; मधे इंग्रजी येते, म्हणून वक्त्याने सावकाश बोलावे. स्लाइड आठवडाभर आधी द्या. संज्ञा मात्र स्वतः भाषांतरित करू नका. युर-लेक्सवर (युरोपीय संघाच्या कायद्यांचे संकेतस्थळ) निर्देशाच्या दोन भाषांतील प्रती शेजारी-शेजारी उघडून तिथलाच शब्द उचला.