एल्फ सेनापतीला उगाच हसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत फँटसी कथा येतात त्या मी आवडीने वाचतो, आणि त्यात एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून हे पत्र. कथेत एल्फ (माणसासारखे दिसणारे पण शतकानुशतकं जगणारे कल्पित लोक) सेनापती आला की तो कडक असतो, कपाळाला आठी, मोजकं बोलणं, रांगेत एक पाऊल पुढे आलं तरी चालणार नाही, इथपर्यंत सगळं ठीक. पण मग मधेच माणसांच्या जातीतली कोणी बडबडी पोरगी येते आणि हा बाबा विरघळायला लागतो, शेवटी शेकोटीपाशी बसून गाणं म्हणतो आणि लेखकाला वाटतं आपण पात्र फुलवलं. म्हणजे शिस्त हा जणू त्याचा आजार होता आणि कथा संपता संपता तो बरा झाला. मला हे अजिबात पटत नाही.

तो कडक का आहे याचा विचारच कोणी करत नाही हो. एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत हे बऱ्याच कथांमध्ये गृहीत असतं, आणि त्यांच्यात मुलं फार कमी जन्मतात हेही अनेक ठिकाणी असतं. आता या दोन गोष्टी एकत्र धरा. माणसांच्या सैन्यातला विशीतला पोरगा पडला तर त्याची पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली, ते दुःख मोठंच आहे, पण एल्फ पडला तर किती गेलं याचा हिशोबच लागत नाही, आणि त्याची जागा भरायला पुढची पिढी तयारही नसते. शिवाय सेनापती स्वतः हजार वर्षं जगलेला, म्हणजे गेलेल्या प्रत्येकाचं नाव त्याला पाठ आहे आणि ते विसरायला होईल अशी सोय त्याच्या आयुष्यात नाहीच. असा माणूस (एल्फ म्हणा) ढिलाई कशी खपवून घेईल?

आणि इथेच लेखक दुसरी चूक करतात, त्याची शिस्त सरळ रोमन सैन्यातून उचलतात. पहाऱ्यावर झोपलेल्या रोमन शिपायाला त्याचेच सोबती दगड-काठ्यांनी मारायचे असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहून ठेवलंय. रोमन इतिहासकार लिव्हीने तर इ.स.पू. ३४० मधली कथा दिलीये, टॉर्क्वाटस नावाच्या कॉन्सलने (रोमचा सर्वोच्च अधिकारी) स्वतःच्या मुलाला मृत्युदंड दिला, का तर तो हुकूम मोडून द्वंद्व लढला, आणि मुलगा ते द्वंद्व जिंकून आला होता. रोमला हे परवडायचं कारण मागे माणसं भरपूर होती. एल्फ सेनापतीला एकही शिपाई शिक्षेपायी घालवता येत नाही, त्यामुळे त्याचा कडकपणा चूक झाल्यावरचा असूच शकत नाही, तो चूक व्हायच्या आधीचा असायला हवा, रोजचा, कंटाळा येईल इतका बारीक. चाबूक आणि फाशी दाखवली की वाचक दचकतो खरा पण पात्र खोटं पडतं.

हा बारीकपणा कुठे दिसेल तर धनुष्यात. एल्फ म्हटलं की तिरंदाजी आलीच, पण बहुतेक लेखकांना धनुष्य हे किती कष्टाचं काम आहे याची कल्पना नसते असं वाटतं. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढला, त्या जहाजावर शंभराहून जास्त लाँगबो (माणसाच्या उंचीएवढी लांब धनुष्यं) सापडले, आणि ते ताणायला साधारण १०० ते १८५ पौंड म्हणजे ४५ ते ८४ किलो जोर लागत असावा असा अंदाज आहे. आता सांगा, इतकं जड धनुष्य पूर्ण ताणून रांगच्या रांग सेनापतीच्या इशाऱ्याची वाट बघत कशी उभी राहील? हात थरथरायला लागतील आणि पहिलाच वार वाया जाईल. जाणता सेनापती ताणायला सांगेल आणि लगेच सोडायला लावेल. बाणांचंही तेच, इंग्लिश तिरंदाजाचा जुडगा २४ बाणांचा असायचा, मिनिटाला दहा सोडले तर अडीच मिनिटांत हात रिकामे. म्हणून कोणत्या रांगेने कधी थांबायचं हे ज्याला करड्या आवाजात सांगता येत नाही त्याची फौज शत्रू जवळ यायच्या आतच संपली समजा.

दोरीचं तर विचारूच नका. १३४६ च्या इंग्लिश-फ्रेंचांमधल्या क्रेसीच्या लढाईआधी पाऊस आला तेव्हा इंग्लिश तिरंदाजांनी दोऱ्या काढून डोक्यावर शिरस्त्राणाखाली कोरड्या ठेवल्या असं एका फ्रेंच इतिवृत्तकाराने लिहिलंय. माझ्या मनातला एल्फ सेनापती असा आहे की तो रात्री पहाऱ्यावर येतो, दोनशे वर्षांच्या एका पोरसवदा शिपायाच्या दोरीवरून अंगठा फिरवतो, एक धागा सुटलेला लागतो, तो काही बोलत नाही, स्वतःच्या पिशवीतली मेण लावलेली दोरी त्याला देतो आणि जुनी तोडून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला अख्ख्या तुकडीच्या दोऱ्या तपासायला बसवतो. यात कुठे हसू नाही की पाठीवर थाप नाही, तरी त्याला त्या पोराची किती काळजी आहे हे कळतं.

त्याला दोष द्यायचा असेल तर जरूर द्या, पण त्याच्या वयातून येणारा द्या. साठ वर्षांपूर्वी माणसांच्या राजाशी झालेला तह त्याच्यासाठी काल-परवाचा आहे, तिकडे मात्र राजाचा नातू गादीवर बसलाय आणि त्याला त्यातलं एक कलमही माहीत नाही. सेनापती ठरलेल्या दिवशी ठरलेल्या खिंडीत फौज घेऊन उभा राहतो आणि मदतीला कोणी येत नाही. जुन्या लढाया त्याला इतक्या पाठ असतात की नवीन शत्रू नवीन डाव टाकतोय हे त्याला उशिरा दिसतं. या चुकांची किंमत खरी आहे, त्यावर अख्खी कादंबरी उभी राहील.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी अशी कथा आली तर संपादन करताना लेखकाला एवढं तरी विचारा की हा सेनापती शेवटी मवाळ का होतोय, कथेत तसं काही घडलंय का, की वाचकाला आवडावा म्हणून? आणि कारण नसेल तर राहू द्या त्याला तसाच कडक.

आपला,
एक नियमित वाचक