सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी फुटेज लावायला शिका

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या व्हिडिओ एडिटिंग शिकण्यावर लेख आला होता. लेख चांगलाय, पोरांना हुरूप येईल, पण त्यात शेवटी असं म्हटलंय की एखादं मोठं काम अंगावर घ्या म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप येतं, आणि नेमकं तिथंच माझं डोकं फिरलं. मी कोल्हापुरात बरीच वर्षं एडिटिंग करतोय, लग्नापासून डॉक्युमेंटरीपर्यंत सगळं, आणि असा सल्ला ऐकून अडकलेली पोरं शेवटी हार्ड डिस्क घेऊन आमच्यासारख्यांच्याच दारात येतात म्हणून हे पत्र.

गाडी शिकतोय म्हणून कोणी वऱ्हाडाची बस घेऊन आंबा घाटात शिरत नाही. पण फिल्मच्या बाबतीत हेच सर्रास चालतं.

एक उदाहरण सांगतो, नावं नकोत. काही पोरांनी वारीवर डॉक्युमेंटरी केली. दोन कॅमेरे, एक ड्रोन, शिवाय मोबाईल, आणि फुटेज खरंच भारी होतं, दिवे घाटातला एक शॉट तर मी तीनदा मागं घेऊन बघितला. सॉफ्टवेअर दा विंची रिझॉल्व्ह, फुकट मिळतं, फोर-केपर्यंत कामही होतं, निवड अजिबात चुकीची नव्हती. पण रिझॉल्व्हमध्ये नवीन प्रोजेक्ट उघडला की फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो आधीच २४ धरलेला असतो आणि आपले कॅमेरे बहुतेक वेळा २५ वर. पहिली क्लिप आत टाकताना ते एकदाच विचारतं, की बाबा फ्रेम रेट जुळत नाही, बदलू का? पोरांनी घाईत नको म्हणून दाबलं. फुटेज एकदा आत गेलं की त्या प्रोजेक्टचा फ्रेम रेट नंतर बदलता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दर सेकंदाला एक फ्रेम गळत होती, आणि पालखीबरोबर कॅमेरा फिरतो तिथं चित्र बारीक बारीक झटके देत होतं, ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पाऊण फिल्म कापून झाली होती.

ते तरी निस्तरता येतं. खरा घोळ पुढे होता. कॅमेऱ्याचं कार्ड रोज फॉरमॅट केलं की त्यातली फाइल परत सी०००१ पासून सुरू होऊ शकते, सेटिंग तसं असेल तर. म्हणजे सासवडला पण सी००१२ आणि वाखरीला पण सी००१२. कॉपी करताना फोल्डरची नावं 'न्यू', 'न्यू टू', 'फायनल न्यू', आणि दोन कॅमेऱ्यांचा माल एकातच. मग डिस्क भरली, सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवलं, टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने लावलेली पट्टी, उघडली तर अख्खी लाल, मीडिया ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरला फाइलीच सापडत नाहीत. परत जोडायला गेले तर सासवडच्या जागी वाखरीचं रिंगण येऊन बसायला लागलं, हरिपाठाचा आवाज चालू आणि चित्रात घोडा पळतोय! हसू नका, पोरांच्या डोळ्यात पाणी होतं.

आता यात सॉफ्टवेअरचा काय दोष? काहीच नाही. तारीख, कॅमेरा, कार्ड नंबर या क्रमाने फोल्डर केले असते, कार्डातला सगळा फोल्डर जसाच्या तसा उचलला असता (नुसत्या व्हिडिओ फाइली ओढून घ्यायच्या नसतात), आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये कुठल्या कार्डात काय आहे ते लिहिलं असतं, तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते एका दिवसात परत उभं राहिलं असतं. पूर्वी स्टीनबेकच्या, म्हणजे फिल्म बघून कापायच्या मशीनच्या, टेबलावर फिल्म कापायचे तेव्हा असिस्टंटचं पहिलं काम हेच असायचं, एज नंबर, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेले आकडे, बघून लॉग लिहायचा, म्हणजे कुठल्या तुकड्यात काय आहे त्याची नोंद, तुकडे नीट टांगून ठेवायचे. मोठी फिल्म एका दमात कोणी लावत नसे, रीळ रीळ करून काम चालायचं, ३५ एमएमचं २००० फुटी रीळ म्हणजे साधारण २२ मिनिटं. आजही पूर्ण लांबीच्या फिल्मवाले रीळ पाडूनच काम करतात, आणि ॲडोबीने २०२० मध्ये आपल्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरला प्रोडक्शन्स म्हणून सोय दिली ती तरी काय, मोठा प्रोजेक्ट लहान लहान प्रोजेक्टमध्ये तोडायचीच. आमची पोरं मात्र दोन तासांची एकच टाइमलाइन करून कॉम्प्युटर हँग होतोय म्हणून रॅम वाढवत बसतात.

डिस्कचा हिशोबही कोणी शिकवत नाही. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूट केलं तर तासाला ४५ जीबी. ५० तासांचं फुटेज म्हणजे सव्वादोन टीबी, आणि किमान तीन कॉप्या ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरात, म्हणजे पावणेसात टीबी झाले. बजेटमध्ये ड्रोनवाल्याचे पैसे असतात, डिस्कचे नसतात.

आणि सॉफ्टवेअर तर बदलतंच हो. २०११ च्या जूनमध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं तेव्हा त्यात जुन्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडतच नव्हते. ज्यांचं फुटेज आणि लॉग जागेवर होते ते शिव्या देत देत का होईना दुसरीकडे गेले, बाकीच्यांचे हाल विचारू नका.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवीन सॉफ्टवेअर शिकायचं तर तीन मिनिटांची फिल्म घ्या पण ती शेवटपर्यंत न्या. आवाज वेगळा रेकॉर्ड केलेला असू दे, प्रोजेक्ट बंद करून दुसऱ्या डिस्कवर हलवून परत उघडून बघा, आणि मराठी टायटल टाकून बघा. हे मुद्दाम सांगतोय, कारण प्रीमियरमध्ये टेक्स्ट इंजिनचं, म्हणजे अक्षरं मांडणाऱ्या भागाचं, सेटिंग साउथ एशियनवर नसलं तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. हे फिल्म महोत्सवाला पाठवायच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा तीन मिनिटांच्या फिल्मवर कळलेलं बरं. रिझॉल्व्हवाल्यांनी अजून एक बघावं, तिथं प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतो, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लायब्ररीत असतो. विंडोज नव्याने टाकलं की फुटेज जागेवर आणि एडिट गायब! रोज काम संपलं की प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून बाहेर ठेवायचा, त्याला मिनिटही लागत नाही.

आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी क्लासवाल्यांना पण जरा विचारावं. ट्रान्झिशन आणि कलरचे लूक सगळेच शिकवतात. ज्या पालकांना क्लासची फी भरायचीय त्यांनी भरण्याआधी विचारून घ्या, की मुलांना आठ-दहा तासांचं कच्चं फुटेज, क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवायला वाजवतात ती पाटी) न दिलेलं, नावं न दिलेलं, लावायला देता का? नाही म्हणाले तर तेवढ्या पैशात दोन हार्ड डिस्क येतात.

आपला वाचक,
एक एडिटर, कोल्हापूर