मागीलदारची चौकट

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "चौकट तू केलीस? खरंच?" आणि नेमकी रेंज गेली, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, मग हस काय हसायचंय ते. नववीत कार्यानुभवाला मी केलेलं स्टूल तीन पायांवर उभं राहायचं ते आठवतंय मला.

आपल्या मागीलदारची जुनी चौकट, जिच्या उंबऱ्यावर बसून आठळ्या खायचो ना, ती खालून दोन वीत पोकळ झाली होती. आईचं एकच, वाळवी वाळवी. सुतारकाकांनी पटाशी टोचून बघितली आणि म्हणाले, वाळवी नंतर आली, पाणी आधी आलं. आणि खरंच रे, अंगणात वर्षानुवर्षं माती टाकून टाकून अंगणच उंबऱ्याला येऊन टेकलेलं, पागोळ्या तिथंच आपटायच्या आणि उंबरा सगळा पावसाळा भिजत पडायचा. तेव्हा लाकूड बदलण्याआधी मी अंगण खणलं, दोन दिवस कंबर धरली होती.

लाकूड घरचंच, वादळात पडलेला फणस. मिलवर कापून आणून दोन वर्षं पडवीत मधे पट्ट्या घालून रचून ठेवलेला, म्हणून वाळला पण वाकला नाही. पाच बाय तीन इंची माल, सात फुटी दोन उभ्या बाह्या आणि वरखाली चार-चार फूट, म्हणजे साधारण सव्वादोन घनफूट. रंधा मी मारला, कुसू, म्हणजे खाचेत बसणारी टोकाची जीभ, काकांनी काढून दाखवली एका टोकाची आणि बाकीची तीन टोकं मला दिली, त्यातलं एक ढिलं झालं, तिथं पाचर मारलीय, तू शोधशील म्हणून आधीच सांगतो.

जमिनीवर जोडून दोन्ही कर्ण मोजले तर एक पाऊण इंच मोठा! दोरीचा पीळ देऊन ओढलं, दोन्ही सात फूट दहा इंच आल्यावर तिरकी पट्टी ठोकून टाकली, आणि मधोमध आडवा ठोकळा, नाहीतर चिरे-सिमेंट भरताना बाह्या पोटात येतात आणि मग दार अडकतं. भिंतीकडच्या अंगाला डांबर दोन हात.

आता माझा पराक्रम ऐक. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बाजूला तीन-तीन, उंबऱ्याखाली काळा दगड घालून अंगणापासून तीन इंच वर घेतला, थोडा बाहेरच्या बाजूला उतार, सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. ओळंबा लावला, एकदम सरळ, आणि मी खुशीत सिमेंट, वाळू, खडीचा माल भरून टाकला, एक-दोन-चारचा. संध्याकाळी काका चहाला आले, कप हातातच, ओळंबा चौकटीच्या तोंडावर धरला आणि गप्प. मी फक्त बाहीच्या आतल्या अंगाला धरला होता, म्हणजे डावी-उजवी बरोबर, पण अख्खी चौकट वरून तीन सूत (इंचाचे आठ सूत) घरात झुकलेली. "दार आत उघडणार ना? मग रात्री आपोआप उघडेल, आणि तुम्ही म्हणाल भूत." माल ओला होता म्हणून वाचलो, टॉर्च लावून सगळं उकरलं आणि पुन्हा भरलं, बायको जेवायला हाका मारून मारून झोपली.

आई मात्र खूश, पहिल्याच प्रयत्नाच्या वेळी उंबऱ्याखाली नाणं आणि हळदकुंकू घातलं होतं, म्हणे त्यामुळेच पडली नाही.

दार लागलंय, झडप एक सूत सैल ठेवलीय, पावसात फुगेल म्हणून. फक्त कडी राहिलीय, इथं मिळते ती पत्र्याची. गणपतीला येताना पुण्याहून जाड पितळी घेऊन ये, भोकांचं अंतर सव्वाचार इंच, दुकानात मोजून घे, अंदाजाने आणू नकोस.

तुझाच,
तीन पायांच्या स्टूलवाला