वकिलीची सनद सव्वाशे रुपयांत मिळाली. पुढची तीन वर्षे कशी काढायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायव्यवस्थेतल्या आदिवासींच्या प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की बोलणे उच्च न्यायालयाच्या नेमणुकांपाशी येऊन थांबते. 2018 पासून 17 जुलै 2023 पर्यंत देशभरातल्या उच्च न्यायालयांत 604 न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जमातींचे फक्त 9, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले होते. आकडा लाजिरवाणा आहे, पण तो ठरतो खाली, तालुक्याच्या कोर्टात. उच्च न्यायालयाच्या नेमणुकांत आरक्षण नाही. घटनेच्या कलम 217 प्रमाणे तिथे जायला दहा वर्षांची उच्च न्यायालयातली वकिली किंवा दहा वर्षांचे न्यायाधीशपद लागते. माडिया, कोरकू, कातकरी किंवा पावरा घरातली मुलगी या व्यवसायात दहा वर्षे टिकणार कशी? आज तिची पहिली तीनच वर्षे निघत नाहीत.

सनदेपुरता अडसर दूर झाला आहे. अधिवक्ता कायदा, 1961 च्या कलम 24 मध्ये ठरवलेल्या शुल्कापेक्षा जास्त रक्कम बार कौन्सिलांना नोंदणीसाठी घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार खटल्यात स्पष्ट केले. सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये. मुद्रांक शुल्क असेल तर तेवढे वेगळे. त्याआधी निरनिराळ्या निधींच्या नावाखाली काही राज्यांत हीच रक्कम 40,000 च्या पुढे जात होती. नव्याने नोंदणी करणाऱ्यांनी हा निकाल जवळ ठेवावा आणि कोणी वेगळ्या नावाने पैसे मागितले, तर कशाचे किती ते पावतीवर लिहून मागावे.

पुढची अडचण 20 मे 2025 च्या निकालाने आली. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात आणि किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. या अटीमागचा विचार चुकीचा नाही. ज्याने कधी उलटतपासणी घेतली नाही, त्याने खुर्चीवर बसून साक्ष नोंदवू नये, हे आम्हालाही पटते. पण महाराष्ट्रात आदिवासी मुलामुलींना आरक्षणासह न्यायाधीशपदाकडे नेणारी मुख्य वाट हीच परीक्षा आहे, आणि तिच्या तोंडाशी आता तीन बिनपगारी वर्षे उभी आहेत. जिल्ह्याच्या गावी खोलीचे भाडे, रोजचा प्रवास, कोट-बँड, पुस्तके, टायपिंग आणि झेरॉक्स हे सगळे घरून आणायचे, आणि घर पाच एकर कोरडवाहू जमिनीवर चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असे सुचवले. ती शिफारसच आहे, बंधन नाही. तालुक्यातल्या ज्या ज्येष्ठ वकिलांकडे हे कनिष्ठ बसतात, त्यांतल्या अनेकांची स्वतःची मिळकतही एवढी खात्रीची नसते.

दुसरीकडे याच कनिष्ठांची गरज रोज पडते, ती रिमांडच्या वेळी. सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले, की अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच देणे शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. निकाल उत्तम आहे. पण माडिया बोलणाऱ्या माणसाला लेखी म्हणजे नेमके कशात द्यायचे? घरात बोलली जाणारी बोली वाचण्याची सवय फार थोड्यांना असते, आणि अनेकांना मराठीही वाचता येत नाही. अशा वेळी कागद मराठीत द्यावा लागेल, आणि तो आरोपीच्या बोलीत समजावून सांगणारे माणूसही सोबत लागेल. ते माणूस अटक करणाऱ्या ठाण्याचे असून चालणार नाही. आज मात्र हे काम पुष्कळदा शिपायावर, हवालदारावर, नाही तर कोर्टात दुसऱ्याच कामाला आलेल्या गाववाल्यावर पडते.

याचे परिणाम खटल्यात खोलवर जातात. गावातला साक्षीदार काळ सांगतो तो मोहाच्या फुलांवरून, तेंदूच्या तोडणीवरून, पेरणीवरून. पोलिसांच्या जबाबात त्याची तारीख होते. दोन वर्षांनी उलटतपासणीत तो पुन्हा तेंदूचा हंगाम सांगतो आणि बचाव पक्ष 'विसंगती' म्हणून दाखवतो. साक्षीदार फिर्यादीकडचा असो वा बचावाचा, नुकसान सारखेच. त्यामुळे दुभाषा वापरला असेल, तर त्याचे नाव, बोली आणि शपथ साक्षीच्या कागदावर आली पाहिजे. रोजनाम्यातही, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतही, ते हवे. नाव नसेल तर अपिलात भाषांतर तपासायला धागाच उरत नाही. नव्या वकिलांनी पहिल्याच तारखेला यासाठी लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंती रोजनाम्यात येतेच असे नाही.

जामिनाचेही तसेच. '15,000 रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार' हा आदेश ऐकायला साधा वाटतो. जामीनदाराकडे ऐपत दाखवणारा सातबारा मागितला जातो. गावात ज्यांच्याकडे वनहक्काचा पट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याने मिळालेली कसायची वनजमीन आहे, त्यांचा हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून तो पट्टा ऐपत म्हणून नाकारला जातो. मालकीच्या आदिवासी जमिनीवरही जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ ची हस्तांतरणबंदी असते. परिणामी अख्ख्या पाड्यात कोर्टाला चालेल असा जामीनदार मिळत नाही. जामीनदार कशासाठी मागतात, तर आरोपी तारखेला यावा म्हणून, आणि गावचा पाटील किंवा ग्रामसभेचा अध्यक्ष ही हमी सातबाऱ्यापेक्षा चांगली देऊ शकतो.

यावर उपाय आदेशांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशाप्रमाणे जामिनाची प्रत तुरुंगाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने जायला हवी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिन्याभरात बंधपत्र दिले गेले नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. शिवाय स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असेही त्यात आहे. केंद्राच्या 2023 च्या गरीब कैदी सहाय्य योजनेत कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत तरतूद होती. यूएपीए (बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग आणि अमली पदार्थांची प्रकरणे वगळून. एवढे असूनही जामीन मिळालेला माणूस आत राहतो, कारण जामीन झाल्याचे त्याला आणि त्याच्या घरच्यांना त्यांच्या बोलीत कोणी सांगितलेले नसते आणि अट शिथिल करण्याचा अर्ज कोणी टाकलेला नसतो.

हाच अर्ज टाकण्याचे काम त्या कनिष्ठ वकिलांना पगारावर द्यावे, ही आमची मागणी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे आदिवासीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो आणि बहुतेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाची, रचना उभी राहिली आहे. अनुसूचित क्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत सहाय्यक लोकअभिरक्षकाच्या निवडीत गोंडी, माडिया, कोरकू, भिली, वारली अशा स्थानिक बोलीच्या ज्ञानाला गुण द्यावेत. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांना रिमांडची प्रत्येक हजेरी आणि प्रत्येक तुरुंगभेट यांचे ठरलेले मानधन त्याच महिन्यात द्यावे. या कामाचा रोजनामाच तीन वर्षांच्या दाखल्याला आधार म्हणून धरावा, म्हणजे एखाद्या ज्येष्ठाच्या मर्जीवर सगळे टांगलेले राहणार नाही.

वनहक्काच्या दाव्यांनाही याच वकिलांचा उपयोग होईल. दावा फेटाळल्याचे कारण लेखी मागावे लागते आणि अपिलाची मुदत 60 दिवसांची असते. उपग्रहचित्रात शेत दिसत नाही एवढ्यावर दावा नाकारता येत नाही. अतिक्रमणाबद्दल वनखात्याने आजोबांना केलेल्या दंडाची जुनी पावती हा तर वनहक्क कायद्याला लागणाऱ्या, 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या कसणुकीचा चांगला पुरावा ठरतो. ती पावती पेटीत कुठे आहे, हे आजीला तिच्या बोलीत विचारणारे कोणी तरी हवे.

सुरुवात रिमांडच्या नोंदवहीपासून करता येईल. आरोपीची बोली, दुभाष्याचे नाव आणि कागद वाचून दाखवल्याची वेळ, असे तीन रकाने त्यात वाढवावेत. जिल्हा पातळीवरच्या परिपत्रकाने हे होऊ शकते.

आपले,
आदिवासी भागातील न्यायालयांत वकिली करणारे काही वकील